नव्या सुईचा निकाल

महारोगी आश्रम, अमरावती
९ जानेवारी १९४९

शकुन,

आशीर्वाद लिहू की नको, इथेच माझं अडलं. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम आशीर्वाद पाठवला तर तुला वाटेल, बाईला काहीतरी हवंय. हवंच आहे. ते शेवटी लिहिते.

आधी हे सांगते की पत्र हातात धरायला भिऊ नकोस. इथल्या नर्स, गोदाबाई, प्रत्येक पत्रावरून तापलेली इस्त्री फिरवतात आणि मगच टपालात टाकतात. कागद कुठे पिवळा दिसला तर तो त्या इस्त्रीमुळे. माझी भाषाही तुला पुस्तकी वाटेल. इथे लिहिण्यावाचण्याचा वर्ग आहे, आणि वेळेला तोटा नाही.

शकुन, इथे एक नवी सुई आली आहे. आजवर आम्हाला कडू कवठीच्या तेलाची सुई द्यायचे. कमरेत टोचली की गाठ यायची, नीट बसता यायचं नाही, आणि चट्टे आपले जिथल्या तिथे. ही सुई विलायतेहून आलेल्या औषधाची. अजून ती कुठल्या दुकानात मिळत नाही, सरकारी दवाखान्यातही देत नाहीत. ती खरंच बरं करते का, आणि बरं करता करता दुसरं काही बिघडवते का, हे आधी पाहायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी नागपूरहून तशी परवानगी आणली आणि आमच्यातले काही जण निवडले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "हे औषध अजून पक्कं ठरलेलं नाही. ज्याला नको असेल त्यानं आत्ताच नको म्हणावं." कोणीही नको म्हटलं नाही.

माझ्या गालावरचा चट्टा तुला आठवत असेल. तो विरत चाललाय. कानाच्या पाळ्या जाड होऊन लोंबायला लागल्या होत्या, त्या उतरल्या. पायाची जखम कित्येक वर्षं ओली होती, ती भरून आली. परवा चुलीपाशी बसले असताना गालाला धग लागली. तशीच बसून राहिले. धग लागते हे पुन्हा कळायला लागलं, म्हणून.

चैत्रात नागपूरहून समिती येणार आहे. मोठे डॉक्टर येतील, आम्हाला तपासतील आणि सरकारला सांगतील की हे औषध प्रांतातल्या सगळ्या महारोग्यांना द्यावं, की बंद करावं. आमचे डॉक्टर म्हणतात, समिती एक प्रश्न हमखास विचारणार. माणूस बरा झाला तर तो जाणार कुठे? घरचे त्याला घेणारच नसतील तर सरकारनं हा खटाटोप कशासाठी करायचा? म्हणून ज्यांना सुई चालू आहे त्यांच्या घरचं एकेक माणूस त्या दिवशी इथे यावं, असं त्यांचं म्हणणं.

आबा गेल्याचं मला उशिरा कळलं. ते एकदाच इथे आले होते. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, "शकुनले तुयाच घरी देतो. लेकराले माय पायजे." मी मान हलवली. तुला कोणी विचारलं होतं का, ते मला आजही माहीत नाही. आता घरी लिहायचं तर त्यांना लिहायला हवं, ज्यांचं नाव मी कधी घेतलं नाही आणि तूही घेत नसशील. पण लिहायला बसले ते तुलाच.

मी परत यायचं म्हणत नाही. तो विषयच नाही. तू फक्त त्या दिवशी येऊन बस. कोणी विचारलं तर सांग, सत्यभामेच्या घरून आले. पारसला गाडीत बसायचं, बडनेऱ्याला बदलायची, अमरावतीला उतरून टांगा करायचा. टांगेवाला फाटकापासून लांबच उतरवेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

माझी शालू कशी आहे? उंच झाली का?

तुझी मोठी बहीण,
सत्यभामा


२० फेब्रुवारी १९४९

शकुन,

तुझं उत्तर नाही. घरून एक कार्ड आलं, अक्षर त्यांचं. औषध लागू पडले हे वाचून समाधान वाटले. प्रकृतीस जपावे. इकडे येण्याची घाई करू नये. बागेतली शेवंती यंदा बरी आहे. एवढंच.

ते कार्ड मी सईदाला वाचून दाखवलं. सईदा माझ्या शेजारच्या खाटेवर असते. अकोल्याची. तिचा नवरा अन्सार कापूस पिंजतो, गाद्या भरतो. दर महिन्याला तो येतो आणि भेटायला येणाऱ्यांसाठी मधे जी बुटकी भिंत आहे तिच्यापलीकडे उभा राहून तिच्याशी बोलत राहतो. त्याच्या दाढीत कापूस अडकलेला असतो आणि ही इकडून सांगते, डावीकडे, अजून डावीकडे. कार्ड ऐकून सईदा म्हणाली, "शेवंती बरी हाये म्हनते. म्हनजे त्याले काई लिहायचं होतं, अन् सुचलं नाई." मी हसले. पण त्यानंतर ते कार्ड मी पुन्हा वाचलं नाही.

एक गोष्ट डॉक्टरांपुढे बोलता येत नाही, म्हणून तुला लिहिते. मला दम लागतो. विहिरीपासून खोलीपर्यंत बादली आणली की छाती भरून येते. ओठ जांभळे पडतात, नखंही. सईदाचे तर माझ्याहून जास्त. माणिकबाई म्हणून हिवरखेडच्या आहेत, त्यांचीही तीच गत. डॉक्टर दर सुईच्या आधी विचारतात, "दम लागतो का? थकवा?" आम्ही सगळ्या म्हणतो, नाही.

का म्हणतो ते तुला सांगते. पूर्वी एकाला चक्कर आली होती, त्यानं खरं सांगितलं आणि डॉक्टरांनी त्याची सुई त्याच्या भल्यासाठी बंद केली. त्याचे चट्टे पुन्हा वर आले. शिवाय दुसरीकडे कुठेतरी ही सुई घेतलेला माणूस दगावला, असं गोदाबाईंच्या तोंडून निसटलेलं आम्ही ऐकलंय. समितीच्या कानावर असं काही गेलं तर औषधच बंद होईल. माणिकबाईंची नजर जात चालली होती, ती या सुईनं थांबली आहे. त्या काय म्हणून खरं सांगतील?

अन्सारभाई अकोल्याहून विड्याची पानं आणतात. तपासणीच्या आधी आम्ही विडा खातो. ओठ लाल दिसतात.

तू मला कधी विडा खाताना पाहिलं नाहीस. आता पाहिलंस तर ओळखणार नाहीस.

सत्यभामा


१४ मार्च १९४९

तुझं पत्र मिळालं.

तू शालूला सांगितलंस की तिची आई मेली. आश्रमात मेली, असंही नाही. तापानं मेली, घरीच. म्हणजे हा रोग मला कधी झालाच नाही. मी दहा वेळा वाचलं, शकुन. माझ्याच घरात मला


१६ मार्च

परवा एवढंच लिहून कागद बाजूला ठेवला. पुढे लिहिलं असतं तर तुला लागलं असतं, आणि तेव्हा मला तेच हवं होतं.

आता तुझं पत्र पुन्हा नीट वाचलं. शाळेतल्या पोरी शालूजवळ बसत नव्हत्या. तिच्या पाटीला हात लावत नव्हत्या. नदीवर बायका तिला पाहून कपडे उचलून पुढे जायच्या. मग तू शाळा बदललीस, आणि नव्या शाळेत मेलेल्या आईची मुलगी म्हणून तिला घातलंस. तिथे तिला मैत्रिणी मिळाल्या. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी कोणाला विचारलं नाही.

तू लिहिलंस, "बाई, तू आली त मी कोन?" याचं खोटं उत्तर मी देणार नाही.

आणि तुला दिवस गेलेत, हे तू अगदी शेवटी, कोपऱ्यात लिहिलंस. जणू तेही मला विचारून व्हायला हवं होतं. समितीला येऊ नकोस. एवढा प्रवास या दिवसांत करू नकोस. मी डॉक्टरांना सांगेन, घरून कोणी येण्यासारखं नाही.

जड उचलू नकोस. फुलांच्या टोपल्या त्यांना उचलू दे.

सत्यभामा


२९ मार्च १९४९

शकुन,

सईदा पडली. विहिरीच्या कट्ट्यावर कपडे धूत होती, उठायला गेली आणि तिथेच कोसळली. मी आणि माणिकबाईंनी तिला उचललं. तोंड धुतलं तर विड्याचा रंग गेला आणि खाली ओठ शाईसारखे. श्वास असा घेत होती की जवळ उभ्या असलेल्या माणसालाही दम लागावा.

डॉक्टर धावत आले. नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली अशी नव्हतीच. त्यांनी आम्हाला विचारलं, "हे केव्हापासून आहे?"

माणिकबाईंनी पदर ओठांवर ओढला.

"मी तुम्हाला दर वेळी विचारत होतो," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "यांच्या अंगातलं रक्त कमी झालंय. हे फक्त यांनाच झालंय की आणखी कोणाला? मला कळल्याशिवाय मी पुढची सुई कोणालाच देऊ शकत नाही. आणि दिली तर दुसरं कोणीतरी असंच पडेल."

माणिकबाईंनी माझा हात धरला. घट्ट. मला माहीत होतं त्या काय सांगतायत. समिती तोंडावर आली होती. कंपाउंडर तर डॉक्टरांना हळूच म्हणालाही की पेशंटला तेवढे दिवस अकोल्याला पाठवून देऊ, परत आणता येईल. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

शकुन, मी काही धीट नाही. तुला माहीत आहे, आबांच्या समोर मी कधी तोंड उघडलं नाही. पण सईदाचा पदर माझ्या हातात होता, ओला, आणि ती डोळे मिटून माझंच नाव घेत होती. मी माणिकबाईंचा हात सोडवला. कोपऱ्यात जाऊन विडा थुंकला, चूळ भरली आणि डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिले.

ते माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही पण? का लपवलंत?"

"तुमी सुई बंद कराल म्हनून."

"आणि आता?"

"आता तिचा जीव चालला."

ते स्टुलावर बसले. म्हणाले, "मला हे समितीला सांगावं लागेल. हे लपवून मी परवानगी घेणार नाही. ती मिळाली तर गावोगाव हीच सुई, याच मापानं जाईल."

मी म्हटलं, "सांगा."

मग एकेक बाई पुढे आली. माणिकबाई सगळ्यात शेवटी. त्यांनी तोंड धुतलं, ओठ दाखवले, आणि माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "माये डोळे तुया खऱ्यापाई जातीन." त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

सुई सगळ्यांची थांबवली आहे. सईदाला लोहाचं औषध आणि दूध देतायत. तिला आज थोडं बसवलं. अन्सारला तार केली आहे.

मी बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. रोज सकाळी आरशात गाल पाहते.

सत्यभामा


१२ एप्रिल १९४९

शकुन,

नको लिहिलं होतं तरी तू आलीस. आणि गाडीच्या घाईत तुझ्याशी धड बोलताही आलं नाही. भिंतीच्या अलीकडून तुला पाहिलं ते एवढंच. पोट दिसायला लागलंय. चेहरा आईसारखा झालाय.

तू मागच्या बाकावर होतीस, तुला पुढचं सगळं ऐकू आलं नसेल, म्हणून लिहिते. आम्हाला कडुलिंबाखाली बसवलं होतं आणि समिती व्हरांड्यात, खुर्च्यांवर. आधी त्यांनी आमचे चट्टे, कान, पाय पाहिले. जुने फोटो जवळ धरून पाहिले. त्यांच्यातले एक जण तर माझ्या गालावरून बोट फिरवून म्हणाले, "विश्वास बसत नाही." बाहेरचं कोणी आम्हाला असं उघड्या हातानं शिवत नाही, तुला माहीत आहे. मला वाटलं, झालं, मंजूर.

मग आमच्या डॉक्टरांनी सईदाचं सांगितलं. आमचे ओठ, विडे, सगळं. व्हरांड्यातला आवाजच बदलला. मुख्य होते ते म्हणाले, "जे औषध पेशंटला असं पाडतं ते गावच्या दवाखान्यात कसं द्यायचं? तिथे तपासणार कोण? माझं मत बंद करावं असं आहे."

डॉक्टर म्हणाले, "माप चुकलं. मी जास्त देत होतो. लवकर गुण यावा म्हणून. निम्म्याहूनही कमी दिलं तर चालेल असं मला वाटतं, पण वेळ लागेल."

"वाटतं," मुख्य म्हणाले. "आणि हे लोक पुन्हा लपवणार नाहीत कशावरून?"

ज्यांनी माझ्या गालाला बोट लावलं होतं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला हे औषध पुढे हवंय का?"

मी उभी राहिले. वर्गात शिकलेली मराठी सगळी विसरले. म्हटलं, "पायजे. पन कमी द्या. अन् दम लागला म्हनून कोनी सांगतलं, त त्याले काढून टाकू नोका. काढलं त पुढच्या वेळी कोनी सांगनार नाई. आमाले भेव रोगाचं नोयतं, तुमच्या नाई म्हन्याचं होतं."

मुख्य डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. मान वर केली नाही.

मग घरच्या माणसांची पाळी. सईदाचं कोण, म्हटल्यावर अन्सारभाई उठले. तू त्यांना पाहिलंस. "मी. बायको तिकडे खाटेवर पडून हाये. बरी झाली त नेतो. नाई झाली तरी नेतो. साहेब, तुमी फक्त तिले मारू नोका."

आणि मग, सत्यभामेचं कोण?

मी खाली पाहत होते. मला ठाऊक होतं की कोणी नाही. आणि मागून तुझा आवाज आला. "मी. लहानी बहीन."

"घरी घेणार का?"

शकुन, तेवढ्यात कडुलिंबाची किती फुलं माझ्या मांडीवर पडली कोण जाणे. मग तू म्हणालीस, "मले भेव वाटते साहेब. पन घर तिचं बी हाये."

समिती निकाल न सांगता गेली. नागपूरहून कळवू म्हणाले.

तू सुखरूप पोचलीस का, ते कार्डावर कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

सत्यभामा


३ जुलै १९४९

शकुन,

तुझं कार्ड मिळालं होतं. उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. सुई बंद, नागपूरहून कागद नाही. मे महिना असा गेला की सकाळी उठून प्रत्येक जण आधी स्वतःचं अंग चाचपायचा. माझ्या पाठीवर एक नवा चट्टा आला. लहान आहे. माणिकबाईंचे डोळे पुन्हा लाल होऊन पाणी गळायला लागलं. त्या भिंतीला धरून चालायच्या आणि माझी चाहूल लागली की थांबायच्या. मी पुढे निघून जाईपर्यंत.

काल हुकूम आला. डॉक्टरांनी तो आम्हाला कडुलिंबाखाली वाचून दाखवला. सगळ्या दवाखान्यांना औषध द्यायची परवानगी नाही. पण बंदही नाही. अगदी थोड्या मापानं सुरू करायचं, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं, आणि त्रास झाला तर माप उतरवायचं, पेशंटला वगळायचं नाही. ही ओळ डॉक्टरांनी दोनदा वाचली. असं वर्षभर पाहून मग समिती पुन्हा येईल.

आज पहिली सुई झाली. सईदा पण आली होती, गोदाबाईंचा हात धरून. तिला म्हटलं, तू अजून थोडी थांब. ती म्हणाली, "अन्सार त थांबून राहिला. मी बी थांबू काय?" तिला सगळ्यात कमी दिली. माणिकबाईंनाही दिली. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण आज रांगेत त्यांना पायरी दिसली नाही तेव्हा मी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला. पायरी चढल्यावर सोडला.

डॉक्टर म्हणतात, या मापानं मला अजून दोन वर्षं तरी लागतील. कदाचित जास्त. पुढच्या वर्षी समिती काय म्हणेल तेही कोणी सांगू शकत नाही. तरी त्यांनी मला आजच विचारलं, "बरं झाल्यावर कुठे जाल? इथे स्वयंपाकघरात माणूस हवंय, राहायची सोय आहे." चांगल्या मनानं विचारलं त्यांनी. मी त्यांना म्हटलं, सांगते.

तुला लिहायला बसले तेव्हा मनात होतं की लिहावं, मी बागेतल्या खोपीत राहीन, विहिरीपाशी. तुझ्या संसारात पाय ठेवणार नाही. तसं लिहिलं असतं तर तुला हलकं वाटलं असतं, आणि मला चांगलं. पण ते खरं नाही. जानेवारीत लिहिलं होतं की परत यायचं म्हणत नाही, तेही खरं नव्हतं.

मला घरी यायचंय, शकुन. खोपीत नाही, घरात. तू जिथे आहेस तिथून तुला हलवून नाही. तू, मी, ते, शालू, आणि तोवर तुझं लेकरू चालायला लागलेलं असेल, एका घरात हे कसं बसेल, मला माहीत नाही. तू कोण आणि मी कोण, लोक काय नावं ठेवतील, तेही माहीत नाही. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, घर तिचंही आहे. मी ते धरून आहे. तू नुसतं सांत्वनाला म्हणाली असशील तर आत्ताच सांग.

आणि शालूला सांग. मी नाही, तू सांग. तिनं जीव लावलाय तो तुला. तुझ्याच तोंडून ऐकलं तर ती घाबरेल, रागवेल, पण तुझ्या जवळ बसून रागवेल. शाळेत सांगायची गरज नाही. तिला माय म्हणायचं ते तुलाच म्हणू दे, मला काहीही म्हणू दे, नाही म्हटलं तरी चालेल. फक्त मी आहे एवढं तिला कळू दे.

बाळंतपणाच्या आधी सांगितलंस तर बरं. नंतर तुला सवड होणार नाही, आणि मग आपण दोघीही टाळत जाऊ.

सत्यभामा